शंभर खाटा आणि नथ्थुजींचा रुसवा

“चाळीस माणसं पाहिजेत,” सबनीस म्हणाले, “पण टाळ्या वाजवणारी नकोत.”

मला हसूच आलं. टाळ्या न वाजवणारी माणसं पुरवायचं काम मला तोवर कुणी दिलं नव्हतं. धामणदरी तालुक्यात सभा कुठल्याही पक्षाची असो, मैदान भरायचं काम पुंडलिक मोहोडचं, म्हणजे माझं. सकाळी एका पक्षाच्या टोप्या, दुपारी दुसऱ्या पक्षाच्या. टोप्यांखालची डोकी तीच. कुठल्याही पुढाऱ्याला कधी शंका आली नाही, कारण पुढारी डोकी पाहतच नाहीत, किती आहेत तेवढं पाहतात.

सबनीस आमच्या गावच्या तुरुंगाचे मॅनेजर. तुरुंगाला मॅनेजर असतो हे ऐकून पहिल्यांदा आम्हीही हसलो होतो. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात एका खाजगी कंपनीनं तो काढला होता. जिल्ह्याच्या तुरुंगात दाटी झाली म्हणून खटला चालू असलेले किरकोळ कैदी इकडे आणायचे आणि सरकारनं कंपनीला डोईमागं रोजचे पैसे द्यायचे, असा तो सौदा. कंपनी मंत्रीसाहेबांच्या मेव्हण्याची होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावातल्या तीस पोरांना तिथं नोकऱ्या लागल्यामुळे सगळं गाव ते विसरलंही होतं. फाटकावर पाटी होती, ‘अभयछत्र निवास केंद्र’. कैद्याला कैदी म्हटलेलं सबनीसांना खपत नसे. निवासी म्हणायचं.

“खाटा शंभर आहेत आणि निवासी साठ,” सबनीसांनी कपाळ पुसलं. “शुक्रवारी मंत्रीसाहेब समिती घेऊन येतायत. शंभर दिसले नाहीत तर करार रद्द.”

“साहेब, एवढ्या मोठ्या तालुक्यात शंभर चोर नाहीत?”

“आहेत हो. पण पोलीस पकडत नाहीत, आणि पकडले तर कोर्ट जामीन देतं. अशानं धंदा कसा करायचा माणसानं?”

कोर्टानं त्यांच्याशी भाऊबंदकी मांडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी काम घेतलं. सभेच्या दुप्पट मजुरी, वर जेवण, दहाला आत आणि एकला बाहेर. त्या रविवारी माझ्या बहिणीचं, मंदाचं लग्न होतं. वडील जाऊन चार वर्षं झालेली, लग्न लावणारा मीच. नाही म्हणायची सोय नव्हती.

आता नथ्थुजी काळमेघांबद्दल सांगायला हवं. हे मंदाचे होणारे सासरे. माणूस मनानं निर्मळ, पण मानपानाच्या बाबतीत गळवासारखा, कुठं हात लागेल आणि ठणका उठेल याचा नेम नाही. साखरपुड्यात पंख्याचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं म्हणून पाऊण तास रुसून बैलगाडीत जाऊन बसले होते. तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, “पुंडलिकराव, आता एकडाव जरी आमचा मान गेला, तं मांडवातून पोरगं उठवून नेईन. मंग म्हनू नका सांगतलं नाई.”

मंदाला मुलगा मनापासून आवडला होता. ती महिनाभर स्वतःशीच हसत भाकरी थापत होती. मला एवढंच करायचं होतं, की रविवारपर्यंत नथ्थुजींना जपायचं.

शुक्रवारी सकाळी माणसं मोजली तर एकोणचाळीस. एकाची म्हैस व्याली होती. घड्याळात साडेनऊ. आणि नेमके त्याच वेळी नथ्थुजी पहिल्या गाडीनं मांडवाची लांबीरुंदी पाहायला येऊन आमच्या दारात खाटेवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा.

“कुठी चालली एवढी वरात?” त्यांनी विचारलं.

“मंत्र्याचा कार्यक्रम आहे मामाजी.”

“हं. तुमाले बलावतेत मंत्री. आमाले कोन बलावते बापा?”

तिथं माझी जीभ घसरली. “मग चला ना. पुढच्या रांगेत बसवतो.”

कसला कार्यक्रम ते मी सांगितलं नाही. तीन तासांचा तर प्रश्न होता. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं की मला माझीच लाज वाटते, पण त्या वेळी चाळिसावं माणूस मिळाल्याच्या आनंदात मी त्यांचा हात धरून त्यांना जीपमध्ये चढवलं.

फाटकावर सगळ्यांचे फोटो काढले, यंत्रावर अंगठे घेतले आणि राखाडी सदरा-पायजमा हातात दिला. नथ्थुजींनी फेट्याची नीट घडी केली.

“आताच्या काळात मंत्र्याच्या कार्यक्रमाले सरकारी कपडे भेटतेत वाटते,” ते आमच्या रंगनाथला म्हणाले. “फोटो बी काढला. अशी बडदास्त तुमच्या साखरपुड्यात नाई दिसली.”

रंगनाथ माझा जुना गडी. सभेत पहिली टाळी तो वाजवायचा, बाकीचे त्याच्या मागून. “आज हात मांडीखाली दाबून बस,” मी त्याला चार वेळा बजावलं होतं.

मंत्रीसाहेब अकराला आले. सोबत समितीचे तिघं. शंभर माणसं अंगणात ओळीनं बसलेली. साहेबांनी आधी माना मोजल्या, मग समाधानानं घसा साफ केला. भाषण करायचं ठरलेलं नव्हतं, पण समोर शंभर माणसं बसलेली पाहून पुढाऱ्याला राहवत नाही.

“या ठिकाणी,” साहेब म्हणाले, “आम्ही माणसाला कोंडत नाही. आम्ही माणूस घडवतो!”

आणि थांबले.

तेच चुकलं. बारा वर्षांची सवय. पुढारी थांबला की रंगनाथचे हात आपोआप उठतात. मांडीखालून सुटून ते एकमेकांवर आदळले. मागून एकोणचाळीस जणांचे. तेवढ्यात मागच्या ओळीतून कुणीतरी आरोळी ठोकली, “साहेब, आगे बढो!” आणि सगळ्या तुरुंगानं उत्तर दिलं, “हम तुम्हारे साथ हैं!”

सबनीस खांबाला टेकले. पण साहेबांचे डोळे पाणावले होते. समितीकडे वळून ते म्हणाले, “बघा. आत टाकलेल्या माणसाचं इतकं प्रेम मी आयुष्यात पाहिलं नाही.” मग ते पहिल्या रांगेतल्या नथ्थुजींसमोर वाकले. “बाबा, काही तक्रार?”

नथ्थुजींना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हा प्रश्न आपणहून विचारला होता. “हाये ना,” ते म्हणाले. “आल्याबरोबर कोनी पानी नाई इचारलं. बसाले सतरंजी नाई. आन् तुमी इतके मोठे मानूस, पर तुमच्या मागं उभे हायेत ते साहेब, त्यायनं आमाले रामराम बी नाई घातला.”

साहेब खदखदून हसले आणि त्यांनी समितीतल्या त्या अधिकाऱ्याला नथ्थुजींना रामराम घालायला लावला. मग जाता जाता जाहीर केलं, की इतकं छान चाललेलं केंद्र शंभरावर का थांबावं? दोनशे खाटा मंजूर!

सबनीसांनी मला मिठी मारली. मी म्हणालो, “साहेब, एक वाजला. माणसं सोडा.”

“कशी सोडू?” सबनीस म्हणाले. “समिती गेली नाही हो. विश्रामगृहात मुक्काम आहे. सोमवारी निघताना पुन्हा मोजणार. सोमवारपर्यंत राहू द्या. मजुरी चौपट.”

आत ही बातमी गेली तेव्हा माझ्या माणसांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. चौपट मजुरी, पंखा आणि दोन वेळचं जेवण. त्यांच्यातल्या कुणाच्या बहिणीचं लग्न नव्हतं. मी मात्र सबनीसांचा हात धरला.

“साहेब, एक तरी द्या. काळमेघ. परवा त्यांच्या मुलाचं लग्न आहे. माझ्याच बहिणीशी.”

सबनीस एक पाऊल मागं सरले. “तुम्ही व्याह्याला आत टाकलंत?”

“चुकून.”

“चुकून आमच्याकडे कुणी येत नाही,” ते म्हणाले. पण खुशीत होते, म्हणून कबूल झाले. “एक कमी पडला तर आजारी दाखवीन. संध्याकाळी जेवणाच्या वेळी मुदपाकखान्याच्या दारानं न्या.”

तुरुंगात पाच वाजता जेवण. मी आत गेलो तर लांबच लांब पंगत बसलेली, मधोमध नथ्थुजी. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. मला पाहून त्यांचा चेहरा लाल झाला.

“पुंडलिकराव, तुमी मले कार्यक्रमाले आनलं आन् जेलात घातलं. हे मी मांडवात कोन्या तोंडानं सांगू?”

“मामाजी, पाया पडतो. चुकलं माझं. आता उठा, मागच्या दारानं निघू. मंदाच्या जिवासाठी तरी चला.”

“तिच्यासाठी तं उठनार होतो.” त्यांनी शेजारी बोट दाखवलं. “पन यायचं आयकून घेतलं, तवापासून घास उतरून नाई राह्यला.”

शेजारी साठीचे एक वाळके गृहस्थ बसले होते. दौलत सोळंके. ते मी पुरवलेल्या चाळिसांतले नव्हते, मूळच्या साठांतले होते. भाऊबंदांनी बोकडचोरीचा आळ घातला म्हणून आत आलेले. कुणी विचारलं तरच बोलणारा माणूस. मी विचारलं.

“मले दिवाईच्या आधीच सोडलं ना कोर्टानं,” ते हळूच म्हणाले. “जमानत झाली. वकील म्हने, कागद हापिसात पोचला. मी रोज इचारतो. ते म्हनतेत, पाह्यतो.”

दिवाळी होऊन सहा महिने झाले होते. वैशाख चालू होता.

“आसे अकरा जन हायेत इथी,” नथ्थुजी म्हणाले. “कोर्टानं सोडलेले. म्यां सगळ्यायले इचारलं. घरच्यायले वाटते, मानूस अजून गुन्हेगार हाये. पंगतीत बसवलं आन् उठूच देत नाई, आशी कोनती रीत हाये ही? मी या मानसाच्या मांडीले मांडी लावून जेवलो. हे अकरा उठल्याबिगर मी उठत नाई.”

आणि त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

ज्यानं आमच्याकडचं लग्न पाहिलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको. मुलाच्या बापानं रुसून घास खाली ठेवला, की पंगतीत कुणी जेवत नाही. पोटात कावळे कोकलत असले तरी नाही. आधी रंगनाथनं भाकरी ठेवली. त्याच्या शेजाऱ्यानं विचारलं, “काय झालं?” “इवाई रुसले.” बस. तो शब्द पंगतीभर फिरला. माझे एकोणचाळीस थांबले, मग मूळचे साठही थांबले. तीही आमच्याच भागातली माणसं, तुरुंगात आली म्हणून रीत थोडीच सोडतात! शंभर ताटं समोर आणि शंभर हात मांडीवर. वाढपी वरणाची बादली घेऊन ओळीच्या मधोमध उभाच राहिला.

मला वाटलं, रात्री भूक लागली की विरघळतील. कसलं काय. शनिवारी सकाळी आठला सबनीसांचा फोन आला.

“मोहोड, चहासुद्धा घेत नाहीत हो! कराराचं एकोणिसावं कलम. दहापेक्षा जास्त निवाशांनी दोन वेळचं जेवण नाकारलं, तर उपोषण म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शंभर जणांचं उपोषण! आणि समिती विश्रामगृहात पोहे खातेय.”

“हे उपोषण नाही साहेब. रुसवा आहे.”

“रुसव्याचं कलम नाही करारात! काय करायचं असतं अशा वेळी?”

“मनधरणी करायची असते.”

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि दौलत सोळंक्यांच्या कागदाचं विचारलं. सबनीसांनी आधी ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हटलं. मग ‘मुख्यालयाकडून यायचंय’ म्हटलं. मग घड्याळ पाहिलं आणि ड्रॉवर उघडला. इसबगोलच्या डब्याखाली ते कागद होते, अकराच्या अकरा, कोर्टाच्या शिक्क्यांसह.

“मला काय हौस आहे?” ते अचानक चिडून म्हणाले. “वरून सांगतात, खाट रिकामी दिसली तर तुमची खुर्ची रिकामी करू. मला दोन मुली आहेत शिकणाऱ्या. हे अकरा सोडले, तुमचा व्याही सोडला, की अठ्ठ्याऐंशी. सोमवारी शंभर कुठून आणू?”

ते वाईट नव्हते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येईना. कारण त्यांनी मला जे विचारलं, ते मला तोवर शेकडो वेळा विचारलं गेलं होतं, आणि माझं उत्तरही ठरलेलंच होतं.

“मी देतो बारा माणसं,” मी म्हणालो.

दुपारी बारा वाजता धामणदरीच्या इतिहासात पहिल्यांदा तुरुंगाच्या मॅनेजरनं पंगतीपुढं उभं राहून एका कैद्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. दुपट्टा मी मंदाच्या लग्नाच्या सामानातून आणला होता. नारळावर अकरा कागद ठेवलेले, सही करून.

नथ्थुजींनी कागद एकेक करून वर धरले. वाचता येत नव्हतं, शिक्के बघितले. मग दौलतरावांकडे दिले. “तुमी वाचा. तुमचा हाये का?” दौलतरावांनी वाचला. दोनदा वाचला. मान हलवली आणि तोंडावर टॉवेल घेऊन बसून राहिले.

“नारळ लहान हाये,” नथ्थुजी सबनीसांना म्हणाले. “पन चालन.” आणि त्यांनी वरणभाताचा घास घेतला. शंभर माणसांनी एकदम जेवायला सुरुवात केली तो आवाज मी अजून विसरलो नाही.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी शेजारच्या गावाहून माझी जीप आली. जीपमध्ये अकराच माणसं मावली होती. बारावा पंक्चर काढणाऱ्याकडे थांबतो म्हणाला, तो थांबलाच. पाचला फाटक बंद व्हायचं. दाराशी नथ्थुजी फेटा बांधून उभे, त्यांच्यामागे दौलतराव आणि बाकी दहा जण गाठोडी घेऊन. सबनीसांनी हातानं खूण केली: अकरा. एक कमी. आजारी दाखवा म्हटलं, तर सोमवारी समिती आजाऱ्यांनाही तपासणार म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. पुरवायला कुणी उरलं नव्हतं. मग मीच यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं बारीक टिक आवाज केला. उद्या मंदाचं लग्न, आणि तिच्या मागं उभा राहायला भाऊ नाही. सोमवारी सोडतो म्हणाले होते. सोडलं नऊ दिवसांनी. पण ते एक असो.

“पुंडलिकराव,” नथ्थुजी म्हणाले, “मान मांडवातच भेटते असं नाई.” त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य, ज्यात तक्रार नव्हती.

रविवारी दुपारभर बँड ऐकू येत होता. माझी माणसं मला ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं गप्पा मारत होती. अक्षता पडायच्या वेळेला रंगनाथनं हळूच एक टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडून घेतलं.

साडेचारला शिपाई धावत आला. “मोहोड, भेटायला माणसं आलीत.”

“किती?”

“मोजता येईना.”

मी जाळीपाशी गेलो तर पलीकडे अख्खं वऱ्हाड. नथ्थुजींनी वरात सरळ तुरुंगावर आणली होती. पुढं नवरा-नवरी मुंडावळ्यांसकट, शेजारी दौलतराव आपल्या लेकीला घेऊन, मागं बँडवाले, आणि आतल्या शंभर जणांसाठी बुंदीची दोन पातेली. भावाच्या पाया पडल्याशिवाय नवरी सासरी जाणार नाही, असं नथ्थुजींनी फाटकावर सुनावलं होतं. नाहीतर आम्ही सगळे इथंच बसतो म्हणाले. रुसवा काय असतो ते आता त्या फाटकालाही ठाऊक होतं.

मंदानं जाळीवर कपाळ टेकलं. “दादा, तू आत कायले बसला रे?” ती रडत होती आणि हसतही होती.

शिपाई भेटीची चिठ्ठी भरत होता. कैद्याचं नाव, भेटणाऱ्याचं नाव, नातं. एका रकान्यापाशी त्याची पेन्सिल थांबली. “मोहोड, तुमचा गुन्हा यंत्रात नाही. इथं काय लिहू?”

दौलतराव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या लेकीनं त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

“लिही,” मी म्हणालो. “माणसं पुरवली.”

मी चेष्टा करतोय असं वाटून तो हसेल म्हणून मी वाट पाहिली. त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली मंदाची सही घेतली. दीडशे माणसांच्या त्या वऱ्हाडात कुणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.